अहेरीची रिकामी गाडी

सगळे कसे आहात? नागपूरचे देवरावभाऊ, साखर आटोक्यात आहे ना, की सुनेची पाठ वळली की जिलबी अजून चालूच आहे? वणीच्या शोभाबाई, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर हे सगळं एका दमात वाचू नका, डोळ्यांना मध्येमध्ये विसावा द्या. पुण्याची मेघना, बाळाचे दात आले का? आणि तुझी कंबर? आणि परदेशात बसून माझ्या वांग्याच्या भाजीची कृती मागणारे प्रशांतराव, खोकला गेला का? आलं-गूळ घ्या म्हटलं होतं. घेतलं नसेलच.

माझं विचाराल तर गुडघे ठीक, बीपी ठीक, पोटात मात्र दुखतं आहे. गोळीनं जाणारं दुखणं नव्हे हे. शेजारणीचं चांगलं झालं की दुखतं ना, ते. म्हणूनच हे लिहायला बसले. इतके दिवस ब्लॉगवर काही का नाही म्हणून विचारत होतात, त्याचंही उत्तर यात आहे.

नवीन वाचणाऱ्यांसाठी सांगते. मी कुसुम. चंद्रपुरात आयुष्यभर खानावळ चालवली. शाळा सातवीपर्यंत. पुढचं सगळं शिक्षण आमच्या वॉर्डातल्या वाचनालयात झालं. दुपारचं जेवण वाढून झालं की संध्याकाळची चूल पेटेपर्यंत मी तिथल्या बाकावर बसायची आणि हाताला लागेल ते वाचायची. हाताला हळदीचा वास असायचा, पण कोणी कधी ऊठ म्हटलं नाही. त्या वाचनालयाला आता नवी खोली बांधली आहे. तिथल्या बोरकुटे सरांनी पाटीवर लिहिलं: समोरच्या भिंतीवर एक मोठा फोटो लावायचा आहे, वॉर्डातल्या कोणीही काढलेला, आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीचा. वाघ नको, किल्ला नको, देऊळ नको. रोजचं काहीतरी आणा.

पाटी वाचली आणि ती भिंत मी मनातल्या मनात माझ्या नावावर करून टाकली. मुलानं पुण्याहून डिजिटल कॅमेरा पाठवला होता, दूरचं जवळ आणणारा. दोन वर्षांपासून मी शिकतही होते. म्हटलं, धान निघायचे दिवस आहेत, थंडी बेताची आहे, आरमोरी, आलापल्ली, अहेरी असं फिरून येऊ.

एकटीनं जायचं नव्हतं म्हणून बिल्कीसला विचारलं. बिल्कीसचं बांगड्यांचं दुकान माझ्या खानावळीच्या समोर. चाळीस वर्षांचा घरोबा. तिनं पण भाच्याचा जुना, चिमुकला कॅमेरा घेतला. त्याच्या बॅटरीचं झाकण पडायचं, म्हणून त्याला बांगड्यांच्या जुडीचं रबर गुंडाळलेलं. मी हसले. म्हटलं, घे बाई, तुझाही वेळ जाईल.

तेव्हा हसायला नको होतं.

सकाळच्या गडचिरोली गाडीनं निघालो. मूल, सावली, व्याहाड असा रस्ता, वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली. आम्हा म्हाताऱ्यांना अर्धं तिकीट, वयाचा पुरावा मात्र जवळ ठेवा. बिल्कीसला गाडी लागते. तिला खिडकी लागतेच, आणि हातात हुंगायला एक लिंबू. आम्ही चाळीस वर्षांत लग्नाला, मयतीला, बाजाराला जिथं जिथं गेलो, तिथं खिडकी तिची आणि कोपराचे धक्के माझे.

गडचिरोलीच्या स्टँडवर आरमोरीच्या गाडीला वेळ होता. आलूबोंडा चांगला मिळतो, चहा गोडमिट्ट. मी इकडेतिकडे पाहिलं. भिंतीवर पानाच्या पिचकाऱ्या, खाली खर्र्याच्या, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या, पन्न्या. फोटो काय काढणार? मी कॅमेरा पिशवीतच ठेवला. बिल्कीस मात्र उठून गेली आणि आली.

"काय काढलंस?"

"काही नाई वं. चौकशीच्या खिडकीत साहेब नाई, त्याचा डबा उघडा हाय. अन् लोकं डब्यालेच विचारून राह्यले, गाडी कवा येते म्हून."

मी तिच्या इवल्याशा पडद्यावर पाहिलं. खरंच, अर्धी भाकरी, लोणच्याची फोड, आणि जाळीबाहेर चार चेहरे त्या भाकरीकडे अगदी मनापासून पाहणारे. मला हसू आलं. आणि हसता हसता पोटात पहिली कळ आली. जन्मभर डबे भरले मी. डबा मला दिसायला हवा होता!

आरमोरीला माझी मावसबहीण गिरजा राहते. दारात नवं धान, लाखोळीचं वरण, वांग्याची भाजी, वर सांबारवडी. (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, पुणेकरांनी घाबरू नये.) संध्याकाळी मी शेतावर जाऊन धानाच्या रचलेल्या पुंजण्यांमागं मावळणारा सूर्य काढला. पुढून, बाजूनं, वाकून, बसून. गिरजाचा नवरा म्हणाला, "बाई, सूर्य उद्याबी येते, कायले इतकी घाई करता?"

परत आले तर बिल्कीस आतल्या खोलीत गिरजाशी गप्पा मारत बसलेली. या भागात दिवाळीनंतर गावोगाव नाटकं होतात, रात्रभर, मंडपात. त्याचंच मागच्या वर्षीचं एक पोस्टर गिरजानं धानाच्या ढोलीला, म्हणजे बांबूच्या मोठ्या कणगीला, फट बुजवायला चिकटवलेलं. त्यातल्या नटीच्या गालावर वर्षभर गिरजानं स्वयंपाक करताना हात पुसलेले. नटीचं तोंड हळदीनं पिवळंजर्द, जसं लग्नातल्या नवरीचं. बिल्कीसनं तेवढंच काढलं होतं, शेजारी गिरजाचा तसाच पिवळा हात.

गिरजा फोटो पाहून लाजली, मग म्हणाली, "मले नाई मालूम, मी इतकी हात पुसते म्हून."

त्या घरी मी कितीदा जेवले असेन. ती ढोली, ते पोस्टर मी पाहिलेलं होतं. म्हणजे डोळ्यांसमोर होतं, एवढंच. रात्री अंथरुणावर मी माझे सूर्य पाहिले. एकाच आईची लेकरं. बाजारातल्या शुभेच्छापत्रावर असतात तसे. बाजूला बिल्कीस घोरत होती, गाढ. ज्याचं चांगलं होतं त्याला झोपही चांगली लागते.

दुसऱ्या दिवशी परत गडचिरोली, तिथून चामोर्शी, आष्टी करत आलापल्ली. आष्टीपुढं रस्ता खराब आहे, पाठीमागच्या सीटवर बसू नका, हाडं वेगळी मोजावी लागतील. वाटेत पोलीस गाडी थांबवतात, विचारतात कुठून आलात, कुठं चाललात. कॅमेरा दिसला की जास्त विचारतात. नीट उत्तर द्या, ओळखपत्र दाखवा, बस. बिल्कीसला शिपायानं विचारलं, "मावशी, कॅमेरा कायले?" ती म्हणाली, "तुह्या लग्नात येतो ना बापा, तवा कामी पडन." अख्खी गाडी हसली, तोही हसला. मीही हसले असते, पण माझ्या कॅमेऱ्याची बॅग उघडून पाहिली होती त्यानं, आणि तिची रबरवाली डबी हातातही घेतली नव्हती.

आलापल्लीला किराणा दुकानाच्या वर लॉज आहे. खोली साधी, चादर स्वच्छ, डास मात्र जातीचे. मच्छरदाणी मागून घ्या. खालच्या हॉटेलात भात, वरण आणि झणझणीत झुणका मिळतो. दुपारी जीप ठरवून जुन्या सागाचं राखलेलं जंगल पाहायला गेलो. आता या सागाबद्दल मी पुस्तकात वाचलं होतं, मान वर करून पाहिलं तेव्हा डोक्यावरचा पदर खाली पडला. अंधारलेल्या खोडांमधून उन्हाचा एक पट्टा तिरका येत होता. मी श्वास धरून फोटो काढला. आणि मला खात्री वाटली. हीच माझी भिंत.

"काढ ना तूपण," मी बिल्कीसला म्हटलं. उदार झाले होते मी त्या क्षणी.

"झाडंच हायत वं," ती म्हणाली, "मी पाह्यली." आणि जीपमध्ये जाऊन लिंबू हुंगत बसली.

बिल्कीसची एक आत्या पूर्वी आलापल्लीत राहायची, संध्याकाळी तिनं त्या आत्याचं घर शोधलं. आत्या कधीच गेलेली, घरही दुसऱ्यांचं झालेलं. त्या घराच्या अंगणात मातीत जुन्या काचेच्या बांगड्यांचे तुकडे पुरलेले, हिरवे, लाल. आत्याही बांगड्याच विकायची, फुटलेला माल तिथंच टाकत असणार. आता तिथं राहणाऱ्या बाईच्या कोंबड्या त्या तुकड्यांवरून चोची मारत फिरत होत्या. बिल्कीसनं वाकून एकच फोटो काढला, आणि मला दाखवला. काळी माती, कोंबडीचा एक पाय, आणि भोवती चांदण्या सांडल्यासारखी काच.

"भिंतीले हा चालते का वं?" तिनं सहज विचारलं.

आणि माझा तोल गेला. इतका वेळ आधण उकळत होतं, झाकण उडालं. मी म्हटलं, "तुला त्या भिंतीचं काय गं? चाळीस वर्षांत वाचनालयाची पायरी चढलीस का एकदा तरी? पुस्तक उलटं धरलं की सुलटं, कळतं तरी का तुला?"

बिल्कीसनं कॅमेऱ्याला रबर गुंडाळलं, दोन वेढे. म्हणाली, "दुकान कोणं सांभाळलं असतं, मी वाचाले गेली असती त?" आणि खाली जेवायला निघून गेली. मी गेले नाही. झुणका थंड झाला असेल.

तिसऱ्या दिवशी अहेरी. आलापल्लीहून अगदी जवळ आहे, जीप, गाडी काहीही मिळतं. आठवडी बाजाराचा दिवस साधून जा, सुटे पैसे न्या. तेलुगू, गोंडी, मराठी, हिंदी एकाच तराजूत पडतात. वाळलेली मासळी, डिंक, मध, मातीची मडकी, नव्या विळ्यांचा ढीग. आम्ही दोघी बाजाराच्या तोंडाशीच वेगळ्या झालो. सकाळपासून "चहा घेतेस?" "घेतला" एवढंच बोलणं झालं होतं.

एक गोंड बाई डिंक विकत बसली होती, गळाभर माळा. मी लांबून कॅमेरा रोखला. तिनं लगेच पदर ओढला. "फोटो नको बाई. तुमी लोक फोटो नेते, परत कोणी आणत नाई." मी ओशाळले, डिंक घेतला आणि पुढं गेले. दोन रांगा सोडून पाहते तर बिल्कीस एका बांगडीवालीच्या पाटीपाशी मांडी घालून बसलेली, गिऱ्हाइकांच्या हातात बांगड्या चढवते आहे! बोटं दाबून, हात वळवून, "सैल सोड हात, नवऱ्याचा राग हातात नोको ठेवू" म्हणत. भोवती बायकांचा घोळका, सगळ्या हसताहेत. कॅमेरा तिच्या मांडीवर नुसता पडला होता. मी वळून दुसऱ्या बाजूनं निघाले.

परतीची गाडी आष्टी, गोंडपिपरी, बल्लारशाहमार्गे चंद्रपूर. दुपारची चुकवू नका. अंधार पडल्यावर या रस्त्यानं गाड्या मिळतीलच असं नाही. बाजाराचा दिवस, स्टँडवर ही गर्दी. गाडी लागली, पण कंडक्टर दाराला कडी घालून चहाला गेला. "टाइम झाल्याशिवाय खोलत नाई" म्हणून बजावून. मग काय, आपली रीत सुरू. खिडकीतून जागा धरायची! रुमाल उडाले, दुपट्टे उडाले, पोराची टोपी उडाली. मी पण पदर खोचला, पिशवीत हात घातला, कोपरं मारत खिडकीपाशी पोचले आणि हाताला लागलं ते आत टाकलं. बाजूला एक बाई ओरडत होती, "तिथी माहा विळा हाय, दिसत नाई का?"

एक म्हातारा म्हणाला, "विळा ठेवून सीट कापून नेतेस का?"

"तुमी नारळ ठेवला, लग्न लावता का सीटसंगं?"

मी त्या भांडणात मनसोक्त भाग घेतला. तीन दिवसांचं साचलेलं होतं, ते त्या नारळवाल्यावर काढलं. इतक्यात नजर गेली तर बिल्कीस ड्रायव्हरच्या बाजूच्या पायरीवर चढून, खिडकीतून आत डोकं घालून उभी. वाटलं, हिला जागेचं काही नाही, उभी राहील गोंडपिपरीपर्यंत, कळेल मग.

दार उघडलं. मी माझ्या शालीवर जाऊन बसले. गर्दी ओसरल्यावर बिल्कीस आली, माझ्या गुडघ्यांवरून आत सरकली आणि खिडकीपाशी बसली. मला वाटलं, तिनंही काहीतरी टाकून ठेवलेलं असणार. तिनं लिंबू काढलं. आष्टीच्या पुलावर एकदाच म्हणाली, "खारे दाणे घेते?" मी घेतले.

घरी आल्यावर दोन दिवसांनी तिनं तो कॅमेराच माझ्याकडं पाठवून दिला. निरोप असा: मले काम्प्युटर येत नाई, तुह्या वाचनालयाले जो पाहिजे तो दे, नाईतर राहू दे. खरं सांगते, राहू द्यावंसंच वाटलं. कोण विचारणार होतं? माझा साग तयार होता, मोठा करायला देणारच होते. पण पाहायचा मोह काही सुटेना. लावली तार, उघडले फोटो.

शेवटचा होता गाडीतला. ड्रायव्हरच्या खिडकीतून काढलेली अख्खी एसटी, समोरून. माणूस एकही नाही. आणि एकही जागा रिकामी नाही. रुमाल, दुपट्टा, टोपी, एक फुलकोबी, नारळ, नवाकोरा विळा, एका पायातली चप्पल, पालकाची जुडी, कोणाची तरी छत्री शहाण्यासारखी टेकून बसलेली. सगळे प्रवासाला निघाल्यासारखे समोर पाहताहेत. आणि खिडक्यांबाहेर नुसते हात, तोंडं, भांडण. एका खिडकीत बोट रोखून ओरडणारी मी.

मी मोठ्यानं हसले. मग पोटातली कळ अशी आली की उठून पाणी प्यावं लागलं. वाघ नाही, किल्ला नाही, देऊळ नाही, आणि अख्खा जिल्हा त्यात बसलेला. मी तिथंच होते. बोटभर अंतरावर होते. भांडत होते!

मशीन बंद करणार, तेवढ्यात माझी शाल दिसली. हिरवी, डावीकडं, आतल्या बाजूच्या सीटवर. तिच्या शेजारी, खिडकीच्या जागेवर, माझ्या डब्याचं फडकं. हळदीचे डाग, कोपऱ्याला गाठ. ती गाठ मीच मारते, सगळ्या फडक्यांना, म्हणजे खानावळीतली दुसरी कोणी नेऊ नये.

मला ते टाकल्याचं आठवत नाही. शाल आठवते. मी तिच्याशी बोलत नव्हते, तिचं तोंड पाहायचं नव्हतं मला, ती उभी राहावी असं मनात होतं. आणि माझ्या हातानं काय केलं, तर शालीआधी खिडकी धरली. चाळीस वर्षांची सवय, मला विचारायलासुद्धा थांबली नाही. बिल्कीसनं मात्र ते पाहिलं होतं. पायरीवर उभी राहून पाहिलं होतं. म्हणूनच ती न विचारता आत येऊन बसली.

दुसऱ्या दिवशी मी तो फोटो बोरकुटे सरांकडं नेला. तिचं नाव मीच सांगितलं, काटकसर न करता, पूर्ण. साग नेला नाही. नेला असता तर त्यांनी दोन्ही शेजारी ठेवले असते, आणि ते मला पाहवलं नसतं.

आता तो भिंतीवर आहे, दाराइतका मोठा. लोक पुस्तक घ्यायला येतात आणि आधी तिथं उभे राहतात. "हा विळा पाहा", "चप्पल एकच काऊन?" शाळेच्या पोरी आपापली सीट ठरवतात. मी माझ्या जुन्या बाकावर बसते, नेमकी त्याच्यासमोर. वाचन होत नाही धड. काल बिल्कीस दुकान सुनेवर सोपवून पहिल्यांदा पायरी चढली. फोटो पाहिला, खालची पट्टी पाहिली, मग म्हणाली, "माहं नाव बारीक लिहलं वं."

"चष्मा लाव," मी म्हटलं.

"अन् तुहं तोंड पाह्य, कसं उघडं हाय. आता जन्मभर भांडतच राह्यशीन भिंतीवर." मग बाकावर माझ्याशेजारी बसली. बराच वेळ बसली. जाताना बोरकुटे सरांना विचारत होती, गोष्टीचं पातळसं पुस्तक घरी नेता येते का. तेही आता ती माझ्याआधी वाचून संपवेल, पाहा तुम्ही.

खाली दोन्ही फोटो टाकले आहेत, तिची गाडी आणि माझा साग. कोणाला कोणता आवडला ते लिहा. खोटं लिहू नका; पण देवरावभाऊ, शोभाबाई, मेघना, प्रशांतराव, तुमच्यापैकी एकानं तरी सागाबद्दल दोन शब्द लिहिले तर कुणाचं काही जाणार नाही. लवकर लिहा हो. बिल्कीस रोज संध्याकाळी दुकान बंद करून माझ्या घरी येते, खिडकीपाशी बसते आणि आता रोज विचारणार, "आलं का काई?"